कॉलरवरची वेळ

अप्पांच्या निरोप समारंभात त्यांच्या ज्या सवयीचं कौतुक झालं, त्याच सवयीमुळे एक माणूस तुरुंगात आहे, हे त्या सभागृहात फक्त मला कळलं. तेही जिलबी खाताना.

अप्पा म्हणजे माझे वडील, सुदाम आवळे. सरकारी रुग्णालयाच्या शवागारात एकतीस वर्षं परिचर होते. सोमवारी सकाळी अकराला त्यांना शाल आणि नारळ मिळाला. मग शवविच्छेदन विभागाच्या प्रमुख, डॉक्टर चौगुले, बोलायला उभ्या राहिल्या.

"आवळेमामांची एक गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल," त्या म्हणाल्या. "खून झालेला असो, अपघातातला असो, बेवारस असो. आम्ही टेबलावर घ्यायच्या आधी मामा त्याच्या तोंडात दोन थेंब पाणी घालतात. मी नवीन होते तेव्हा विचारलं, मामा, हे काय? तर म्हणाले, 'ह्याला शेवटचं पाणी कुणी पाजलं नसंल, मॅडम.' एकतीस वर्षांत एकही प्रेत मामांनी तहानलेलं सोडलं नाही."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. अप्पा मान खाली घालून शालीची घडी घालत राहिले. माझ्या हातातली जिलबी अर्धी राहिली आणि मी मनातल्या मनात पाण्याचा रस्ता काढू लागले. ओठांवरून हनवटी. हनवटीवरून गळा. गळ्यावरून कॉलर.

घरी जाताना रिक्षात मी विचारलं, "अप्पा, पाणी कशानं पाजता?"

"हातानं. दुसरं कशानं?"

"हातात हातमोजे असतात ना?"

"हातमोजा घालून पाणी पाजतंय व्हय कुणी? एक काढतो की. रबराच्या हातानं पाणी पाजायचं म्हंजे जनावराला औषध पाजल्यागत."

"ते पाणी आत जातं?"

"मेलेलं माणूस गिळतंय का बाय? जातं तेवढं जातं. बाकीचं वघळतं."

"कुठं?"

त्यांनी मांडीवरचा नारळ सरळ केला आणि माझ्याकडे बघितलं. "यशे, पोलिसावानी का इचारतीस?"

रिक्षा घराकडे वळायच्या आधीच उतरले आणि प्रयोगशाळेत गेले.

मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पुरावा-तज्ज्ञ आहे. माझ्याकडे एकच यंत्र आहे. त्याचं सरकारी नाव 'विघटन-कालमापक'. पोलीस, वकील, वर्तमानपत्रं सगळे त्याला 'घड्याळ' म्हणतात. चार वर्षांपूर्वी ते आलं. त्याआधी आम्ही एवढंच सांगू शकत होतो की या कपड्यावर अमक्याच्या त्वचेच्या पेशी आहेत. अमका म्हणायचा, "असतीलच, माझं तिथं येणंजाणं होतं." तिथे गोष्ट संपायची. घड्याळ सांगतं, त्या पेशी तिथे कधी पडल्या.

त्याची रीत मी प्रशिक्षणात नेहमी भाजीच्या उदाहरणानं समजावते. एका पाटीत कोथिंबीर, पालक, भेंडी आणि भोपळा एकाच वेळी ठेवा. आधी कोथिंबीर मान टाकेल, मग पालक, मग भेंडी. भोपळा आठवडाभर तसाच राहील. सराईत बाई पाटीकडे नुसतं बघून सांगेल की ही भाजी सकाळची आहे की कालची. पेशीत आरएनएचे हजारो प्रकारचे धागे असतात. पेशी अंगावरून सुटली की ते तुटू लागतात. काही तासाभरात, काही काही दिवसांनी. कुठला धागा किती शिल्लक आहे हे मोजलं की पेशी कधी सुटली ते कळतं, वीस मिनिटं इकडे किंवा तिकडे. कापड पूर्ण वाळवून गोठवलं की तुटणं थांबतं, म्हणजे घड्याळ बंद पडतं. त्या दिवसाचं तापमान आणि हवेतला दमटपणा यंत्राला द्यावा लागतो. तो आम्ही देतो.

यंत्र एक गोष्ट धरून चालतं: कापडाच्या सगळ्या भागांनी एकच हवा सोसली आहे.

पाण्यात आरएनए लवकर तुटतं. त्याहून वाईट म्हणजे माणसाच्या उघड्या बोटांवर आरएनए तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. कोरड्या कापडावर ते जवळजवळ काहीच करत नाही. पाणी मिळालं की धाग्यांवर तुटून पडतं. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलंय: उघड्या हातानं आत येऊ नये.

शवागाराच्या कर्मचाऱ्यांना हा नियम मीच शिकवला होता. अप्पा पहिल्या रांगेत बसले होते, वहीत लिहून घेत होते. मी म्हणाले होते, "मृताच्या कपड्यांना उघडा हात लावायचा नाही." त्यांनी तो नियम पाळला. कपड्यांना त्यांनी कधीच उघडा हात लावला नाही. ओठांबद्दल मी काही बोललेच नव्हते.

प्रकरण क्रमांक बघायची गरज नव्हती. मला ते पाठ होतं. तेजस्विनी शेडबाळे, वय एकोणचाळीस, शाळेचे गणवेश शिवायचं दुकान. तिच्याच ओढणीनं गळा आवळलेला. मृत्यूची वेळ डॉक्टरांच्या मते दुपारी दीड ते तीन. प्रेत सापडलं पाचला, आणि ते सापडलं प्रथमेश कोळेकर नावाच्या चोवीस वर्षांच्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला. त्याचं म्हणणं, मशीनचा पट्टा बदलायला आलो, बाई जमिनीवर दिसल्या, ओढणी सोडवली, दंड धरून हलवलं आणि ओरडत बाहेर पळालो.

माझ्या अहवालात त्याच्या पेशींच्या दोन वेळा होत्या. बाहीवर पाच वाजून पाच मिनिटं. कॉलरवर दोन वाजून दहा.

सरकारी वकिलांना गोष्ट आयती मिळाली: दोनला मारलं आणि पाचला बघ्याचं सोंग घेऊन परत आला. प्रथमेशनं पंधरा दिवस नाही म्हटलं. सोळाव्या दिवशी दंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा कबूल केला. ती बातमी वाचून मला हायसं वाटलं होतं, हे इथे लिहिलं पाहिजे. साठ दिवसांत निकाल देणाऱ्या नव्या न्यायालयात खटला होता, आणि येत्या गुरुवारी साठावा दिवस होता.

मी मूळ नोंदी उघडल्या. अहवालात त्या कधीच जात नाहीत. पोलीस, डॉक्टर, परिचर, आम्ही, सगळ्यांचे डीएनए नमुने यंत्राकडे आधीच दिलेले असतात, म्हणजे आमची पेशी चुकून कुठे पडली तर यंत्र ती आपोआप बाजूला काढतं. शेडबाळे प्रकरणात कॉलरपुढे एक बारीक ओळ होती: 'कर्मचारी, वगळले.' ती ओळ मी दोन महिन्यांपूर्वीही पाहिली होती आणि पुढे गेले होते. आता तिच्यावर बोट ठेवलं. आलेख उघडला. त्यातल्या निम्म्या खुणा मी नाव न वाचता ओळखल्या असत्या, कारण त्या माझ्याही आलेखात आहेत.

त्याच दुपारी मी दोन सहकाऱ्यांना प्रत्येकी सहा कापडी पट्ट्या हाताळायला दिल्या. शेडबाळेबाईंचं प्रेत शवविच्छेदनाआधी तेवढंच थांबलं होतं, म्हणून पट्ट्या सोळा तास टेबलावर ठेवल्या. मंगळवारी सकाळी प्रत्येकाच्या तीन पट्ट्यांवर उघड्या बोटांनी नळाच्या पाण्याचे थेंब सोडले, तासभर सावलीत वाळवल्या, सगळ्या यंत्रात घातल्या. कोरड्या पट्ट्यांनी बरोबर वेळ सांगितली. ओल्या पट्ट्यांनी वेळ मागे नेली, दोन तास चाळीस मिनिटांपासून तीन तास वीस मिनिटांपर्यंत.

पाच वाजून पाच मिनिटांतून तीन तास वजा करा.

आमचे संचालक उपाध्ये सर कागद घेऊन खिडकीपाशी गेले. चष्मा वर सरकवून त्यांनी तो दोनदा वाचला. ते चांगले शास्त्रज्ञ आहेत. मी काही बोलायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरला होता.

"किती प्रकरणं आहेत त्या शवागाराची?"

"तीनशे अकरा. घड्याळाची वेळ जुळली म्हणून शिक्षा झालेली सत्तेचाळीस."

"पण यशोधरा, एवढी मोठी चूक चार वर्षं लपली कशी? वेळा वेड्यावाकड्या यायला हव्या होत्या."

"आल्या होत्या, सर. आपण त्यांना 'अनिर्णित' म्हणालो. वेळ खुनाच्या वेळेशी जुळली नाही की ती कुणाच्या कामाची नसते. फाइल बंद. जुळली की ती पुरावा होते. चुकीच्या वेळांतल्या काही योगायोगानं जुळणारच. तेवढ्याच न्यायालयात गेल्या."

ते खुर्चीत बसले. "प्रयोग बारा पट्ट्यांचा आहे. मला हे पुण्याच्या समितीकडे पाठवावं लागेल. सहा आठवडे, किमान."

"गुरुवारी निकाल आहे."

"मला माहितीये."

"सर, मुलाला जन्मठेप होईल."

"आणि मी आज बारा पट्ट्यांवर सत्तेचाळीस निकाल हलवले, आणि समिती म्हणाली प्रयोग कच्चा आहे, तर? खरे खुनीही सुटतील त्यात. तू तुझ्या नावानं सांग. मी अडवणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "परिचर कोण आहे तो?"

"माझे वडील."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तर तुझं कोणी ऐकणारही नाही."

ते बरोबर होतं. आलेख एवढंच सांगत होता की अप्पांच्या पेशी कॉलरवर आहेत. प्रेत उचलणं त्यांचं कामच होतं. पाणी वाळून गेलं होतं आणि त्याची कुठेही खूण नव्हती. पाणी होतं हे जगात एकच माणूस शपथेवर सांगू शकत होता. तसं सांगणं म्हणजे खुनाच्या पुराव्यात ढवळाढवळ केल्याची कबुली देणं.

संध्याकाळी सहाला अप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. निवृत्तीचा दुसरा दिवस. शेजारच्या काकू कुंपणावरून थट्टा करत होत्या, "काय भावजी, आता जित्या माणसांत करमतंय का?" आणि अप्पा म्हणत होते, "जिती लई बोलत्यात, वैनी."

मी काकू आत जाईपर्यंत थांबले. मग सगळं सांगितलं. भाजीची पाटी, विकर, दोन दहा, पाच पाच. मला वाटत होतं त्यांना शास्त्र कळणार नाही. त्यांना माझ्याआधी कळलं.

"म्हंजे माझ्या बोटांनी तीन तास खाल्लं."

"हो."

"आन् त्या पोराचं आयुष्य."

"नियम मी शिकवला होता, अप्पा. अर्धवट शिकवला."

ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. कातडी पांढुरकी पडलेली, रोजच्या जंतुनाशकानं. "शेडबाळेबाई मला ध्यानात हाय," ते म्हणाले. "गळ्यावर वळ व्हता. तोंड उघडं. तिला जरा जास्तच घातलं पाणी. म्हनलं, श्वास मागत मेली असंल, घशाला कोरड पडली असंल."

मी खाली पायरीवर बसले.

"तुम्हाला न्यायालयात हे सांगावं लागेल. पण सांगितलंत तर तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. पुरावा बिघडवल्याचा. मी तुम्हाला सांगा म्हणत नाही."

"मग कशाला आलीस?"

मी पिशवीतून प्रयोगाचे कागद काढून पायरीवर ठेवले.

"किती जण हायत असं? ह्या पोरावानी?"

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण खरा आकडाच तोंडातून निघाला. "सत्तेचाळीस खटल्यांत शिक्षा झालीय. सगळ्याच चुकीच्या नसतील."

त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही. मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी बाजूला केला, रागानं नाही, आता हात कुणाचा कुठे लागेल याची भीती वाटावी तसा.

"देवाधर्माचं मी कधी काय मानलं न्हाई," ते म्हणाले. "तहान मातूर खरी वाटायची. त्येवढंच एक केलं जन्मात, कुणी न सांगता." मग उठले. "गुरवारी किती वाजता जायचं?"

प्रथमेशच्या वकील फरझाना मुल्ला यांना विधी सेवेनं नेमलं होतं. बुधवारी सकाळी मी त्यांच्या कार्यालयात गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं आणि पेन टोपणात घातलं.

"या घड्याळबाई. माझ्या अशिलाला आत घातलंत, आता चहा प्यायला आलात?"

मी प्रयोगाचे कागद पुढे ठेवले. त्यांनी वाचले, प्रश्न विचारले, सगळे अचूक. शेवटी म्हणाल्या, "हे दोन महिन्यांपूर्वी कुठं होतं?" आणि उत्तराची वाट न बघता उठल्या. "कागद मी दाखल करीन. तुमच्या वडलांना उभं करीन. पण अडचण तिथं नाहीये. चला, तुम्हाला दाखवते."

कारागृहाच्या भेटीच्या खोलीत प्रथमेश समोर येऊन बसला. किडकिडीत पोरगा, बोटांच्या टोकांना सुया टोचल्याचे जुने व्रण. मला बघून तो उभा राहिला.

"त्या घड्याळवाल्या मॅडम तुमीच का?"

"हो. प्रथमेश, माझी चूक झाली आहे. कॉलरवरची वेळ चुकीची आहे. तू दोनला तिथे नव्हतास. तू पाचला गेलास, तू सांगितलंस तसंच."

मला वाटलं होतं तो रडेल, ओरडेल, माझ्या अंगावर येईल. त्यानं कपाळाला आठ्या घालून वकीलबाईंकडे बघितलं.

"पर मला आठवतंय की, मॅडम."

"काय आठवतंय?"

"आधी न्हवतं आठवत. पोलिसांनी मारलं न्हाई मला, खोटं कशाला बोलू. त्यांनी कागद दाखवला. मी म्हनलं, कागद चुकलाय. ते म्हनले, घड्याळाचं तुझ्याशी काय वैर हाय का? तवा मी आठवत बसलो. दोनला कुठं व्हतो मी? डबा खाऊन बाभळीखाली गाडीवर पडलो व्हतो, रोज पडतो तसा. पर झोपलो का न्हाई, हे झोपलेल्याला कसं कळंल? कुणी बघितलं न्हाई. मग हळूहळू दिसाय लागलं."

"काय दिसायला लागलं?"

"ओढणी. गळ्यावरची गाठ. माझी बोटं त्या गाठीत. बाईंचं डोळं." त्यानं हात वर करून दाखवलं, बोटं आत वळवून. "लई घट गाठ व्हती."

"तू ती गाठ सोडवत होतास, प्रथमेश. पाच वाजता. सोडवताना बोटं अशीच दिसतात."

"व्हय?" तो आपल्या हातांकडे बघू लागला. दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तशा कुतूहलानं. "का मारलं ते मातूर मला अजून आठवत न्हाई. बाई लई चांगल्या व्हत्या. दर खेपेला पोहे द्यायच्या. मी आईला म्हनलं, मला असं कसं सुचलं गं? आई आता भेटाय येत न्हाई."

बाहेर आल्यावर मुल्लाबाई म्हणाल्या, "कळली अडचण? तुमचं यंत्र न्यायाधीश खोटं मानतील कदाचित. पण कबुली? ती त्यानं स्वखुशीनं दिलीय. ती त्यालाच मागं घ्यावी लागेल. उद्या न्यायाधीश त्याला थेट विचारतील. तोवर कुणीही त्याला काय बोलायचं ते पढवलं, तर सगळंच बुडेल. तुम्ही तर अजिबात नाही. तुम्ही साक्षीदार."

"मग तो काय बोलेल?"

"अल्ला जाणे. तुमच्यावर त्याचा भारी विश्वास आहे, एवढं मात्र दिसलं."

गुरुवारी न्यायालय भरलं होतं. मी अर्धा तास साक्ष दिली. स्वतःचाच अहवाल चुकीचा आहे हे मी आकड्यांसकट सांगितलं. सरकारी वकिलांनी मला एकच प्रश्न विचारला: "ज्यांच्या सांगण्यावर आपला हा नवा निष्कर्ष उभा आहे ते सुदाम आवळे आपले कोण?"

मग अप्पा उभे राहिले. समारंभातला पांढरा सदरा घातला होता. शपथ घेतली. जे होतं ते सांगितलं, थेंब किती, हात कुठला, पाणी कुठून घेतलं.

"एकतीस वर्षं तुम्ही पुरावा बिघडवत होता," सरकारी वकील म्हणाले.

"एकतीस वर्षं पाणी पाजत व्हतो, साहेब. बिघडतंय हे मंगळवारी कळलं."

"तुमच्या मुलीनं सांगितलं तेव्हा."

"व्हय."

"म्हणजे मुलीनं सांगितलं तसं तुम्ही बोलताय."

"न्हाई. मुलीला मी सांगितलं. तिनं मोजलं."

मागच्या बाकावर तेजस्विनी शेडबाळे यांचे भाऊ बसले होते. ते ताडकन उठले. "माझ्या बहिणीला हात लावलास तू? उघड्या हातानं?" शिपायानं त्यांना खाली बसवलं. अप्पा त्यांच्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. माफी मागितली की आणखी काही, मला कळलं नाही.

न्यायाधीशांनी आवळे यांच्याविरुद्ध स्वतंत्र चौकशीचा आदेश लिहवून घेतला. एक हवालदार येऊन अप्पांच्या शेजारी बसला. अप्पांनी सरकून त्याला जागा करून दिली.

मग न्यायाधीशांनी कागद मिटले.

"आरोपी. आज जे ऐकलंत त्यावर मला तुम्हाला थेट विचारायचं आहे. कुणाच्या दबावाखाली न येता, नीट आठवून सांगा. घटनेच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला तुम्ही त्या दुकानात होता का?"

प्रथमेश पिंजऱ्यात उभा राहिला. त्यानं कठड्यावर दोन्ही हात ठेवले. डोळे मिटले. खरंच आठवू लागला. त्याचे ओठ हलत होते. दालनात पंख्यांचा आवाज तेवढा होता. मी मनात मोजत होते: दहा सेकंद, वीस, पंचेचाळीस. मुल्लाबाई टेबलाकडे बघत होत्या. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले होते.

त्यानं डोळे उघडले, आणि तो माझ्याकडे वळला.

इतर कुणाकडे नाही. न्यायाधीशांकडे नाही, वकीलबाईंकडे नाही. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याच्याकडे माणूस बघतो, तसा. मला मान हलवायची नव्हती. डोळेही हलवायचे नव्हते. मी समोरच्या भिंतीवर नजर रोवली. ती त्याच्याकडे गेलीच. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो नुसता थांबला होता, मी सांगेन ते आठवायला तयार.

"आरोपी, इकडे बघा," न्यायाधीश म्हणाले. "होता की नव्हता?"

"तसं..." प्रथमेश म्हणाला. त्याचा उजवा हात कठड्यावरून उचलला गेला आणि बोटं आत वळू लागली, काल दाखवली होती तशी. पुढचं वाक्य काय असणार ते मला दिसलं.

मी उठून उभी राहिले.

"नव्हता," मी म्हणाले. मोठ्यानं.

सरकारी वकील ओरडत उठले. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. मुल्लाबाईंनी कपाळ धरलं. मला बाहेर काढा असा हुकूम झाला, शिपायानं दंड धरला, आणि त्या गोंधळात प्रथमेशचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. दोन महिन्यांत कुणी त्याच्या मनावरचं ओझं उचललं नसावं इतका मोकळा. तो न्यायाधीशांकडे वळला, ताठ उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखा स्पष्ट बोलला.

"त्या मॅडम म्हनतील तसं, साहेब."

न्यायाधीशांनी फायलीतून त्याचा कबुलीजबाब काढून समोर ठेवला. मग त्यांनी लघुलेखकाला सांगितलं, हे वाक्य जसंच्या तसं लिहा.